क्षयसंसर्गाच्या नव्या चाचण्या : पारख कोणत्या कसोटीवर?

खोकला, ताप, वजनातील घट ही लक्षणे दिसली तर क्षयरोगाची शंका घ्यावयाची आणि लक्षणे नसली तर माणूस निरोगी समजावयाचा, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. यातील पहिला भाग योग्य असला तरी दुसरा अपुरा आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यानंतर ते वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात. त्या काळात माणसाला कोणताही त्रास होत नाही, त्याच्या थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि त्याच्यापासून दुसऱ्या कोणाला बाधाही होत नाही. या अवस्थेस 'क्षयसंसर्ग' म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत १५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ३१ टक्के व्यक्तींत असा संसर्ग आढळून आला. त्याच पाहणीनुसार याच वयोगटात प्रत्यक्ष फुप्फुसाचा क्षयरोग झालेल्यांचे प्रमाण एक लाख लोकांमागे ३१६ इतके होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे संसर्ग आणि आजार यांतील अंतर ध्यानात येते.

संसर्ग झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष आजार होतो आणि हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. तथापि, सर्वांचा धोका सारखा नसतो. घरात क्षयरुग्ण असलेली माणसे, विशेषतः पाच वर्षांखालील मुले, एचआयव्हीबाधित व्यक्ती, रक्तशुद्धीकरणावर असलेले मूत्रपिंडाचे रुग्ण, अवयवरोपणाच्या प्रतीक्षेत असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे लोक, दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले कामगार या सर्वांच्या बाबतीत निद्रिस्त जंतू जागे होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. म्हणूनच अशा अतिजोखमीच्या व्यक्ती हुडकून काढून त्यांना आजार होण्यापूर्वीच प्रतिबंधात्मक उपचार द्यावेत, असे धोरण केंद्र शासनाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे विस्ताराने मांडले आहे. या धोरणाचा पाया आहे तो संसर्ग ओळखणाऱ्या चाचणीचा. ही चाचणी कोणती असावी आणि तिची पारख कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शंभर वर्षांहून जुनी चाचणी

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूच्या शोधाची घोषणा केली. त्यानंतर १८९० मध्ये त्यांनी या जंतूपासून तयार केलेला 'ट्युबरक्युलिन' हा अर्क क्षयावरील औषध म्हणून पुढे आणला. औषध म्हणून तो निरुपयोगी ठरला. परंतु ज्याच्या शरीरात क्षयजंतू शिरले आहेत त्याच्या त्वचेवर या अर्काची प्रतिक्रिया उमटते, हे लक्षात आल्यावर त्याचा उपयोग निदानासाठी होऊ लागला. १९०७ मध्ये फॉन पिर्के यांनी आणि १९०८ मध्ये फ्रेंच वैद्य शार्ल मांटू यांनी त्वचाचाचणीची पद्धत विकसित केली. मांटू यांची पद्धत आजही वापरात आहे. हाताच्या पुढील भागावर कातडीच्या थरात ०.१ मिलिलिटर द्रव टोचावयाचा आणि ४८ ते ७२ तासांनी तेथे आलेला टणक फुगवटा मोजावयाचा, एवढीच ती कृती. सभोवतीची लाली मोजावयाची नसते. सामान्यतः १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा आल्यास संसर्ग आहे असे समजतात. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत ही मर्यादा ५ मिलिमीटर धरतात.

या चाचणीत एक मूलभूत उणीव आहे. ट्युबरक्युलिन हे अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे. त्यांपैकी कित्येक प्रथिने क्षयजंतूखेरीज बीसीजी लशीतील जंतूंत आणि माती-पाण्यातील काही निरुपद्रवी जंतूंतही असतात. त्यामुळे संसर्ग नसतानाही हातावर फुगवटा येऊ शकतो. भारतात बीसीजी लसीकरणास १९४८ मध्ये प्रारंभ झाला आणि आज ही लस बहुतेक सर्व बालकांना जन्मानंतर लवकरच दिली जाते. जन्मतः दिलेल्या लशीचा मांटू चाचणीवरील परिणाम काही वर्षांनी बराचसा ओसरतो, हे खरे. परंतु लहान मुलांच्या बाबतीत व मोठेपणी लस घेतलेल्यांच्या बाबतीत हा घोटाळा संभवतो. २०२४ मध्ये काही राज्यांत प्रौढांना बीसीजी लस देण्याचा अभ्यासोपक्रम हाती घेण्यात आल्यामुळे या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे.

नव्या चाचण्यांचे तत्त्व

या कोड्याची उकल बीसीजी लशीच्या जन्मकथेतच सापडली. काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांमधील क्षयजंतू प्रयोगशाळेत १३ वर्षे पुनःपुन्हा वाढवून दुर्बळ केला आणि १९२१ मध्ये त्याची लस प्रथम मानवाला देण्यात आली. या दीर्घ प्रक्रियेत त्या जंतूच्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा कायमचा गळून पडला. त्या तुकड्यावर 'ईसॅट-६' आणि 'सीएफपी-१०' या दोन प्रथिनांचा आराखडा होता. साहजिकच क्षयजंतूत ही प्रथिने आहेत, बीसीजीत ती नाहीत. शरीर या दोन प्रथिनांना ओळखते असे दिसले, तर ती ओळख लशीमुळे झालेली नसून संसर्गामुळे झालेली आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

या तत्त्वावर दोन प्रकारच्या चाचण्या उभ्या राहिल्या. पहिली रक्ताची, 'इग्रा' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी. रक्ताचा नमुना या प्रथिनांच्या सान्निध्यात ठेवून पांढऱ्या पेशींतून 'इंटरफेरॉन-गॅमा' हे द्रव्य किती बाहेर पडते, ते मोजतात. राष्ट्रीय पाहणीत हीच पद्धत वापरण्यात आली. रुग्णाला दुसऱ्यांदा यावे लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. मात्र शिरेतून रक्त काढणे, ते ठराविक तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचविणे, यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ ही सर्व सिद्धता हवी; शिवाय खर्चही अधिक.

दुसरी चाचणी त्वचेचीच, पण टोचावयाचा द्रव नवा. कोपनहेगन येथील स्टेट सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ही चाचणी आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामार्फत 'साय-टीबी' या नावाने तयार होते. भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये तिला मान्यता दिली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने साय-टीबी, रशियातील डायस्किनटेस्ट आणि चीनमधील सी-टीएसटी अशा तीन नव्या त्वचाचाचण्या वापरण्यास योग्य ठरविल्या. साय-टीबी टोचण्याची पद्धत मांटूसारखीच आहे आणि निकालही ४८ ते ७२ तासांनीच वाचावयाचा. मात्र ५ मिलिमीटर ही एकच मर्यादा सर्वांना लागू होते. एकाला पाच, दुसऱ्याला दहा असा भेद ठेवावा लागत नसल्यामुळे परिचारिकेचे काम सोपे होते.

मूल्यमापन म्हणजे काय?

नवी चाचणी आली की ती 'किती टक्के अचूक' असा प्रश्न प्रथम विचारला जातो. क्षयसंसर्गाच्या बाबतीत या प्रश्नाचे थेट उत्तर देता येत नाही. याचे कारण असे, की निद्रिस्त जंतू प्रत्यक्ष दाखवून देणारी कोणतीही पद्धत अद्याप उपलब्ध नाही. तुलनेला निर्विवाद मानदंड नसल्यामुळे संशोधकांना आडमार्गाने जावे लागते.

पहिला मार्ग म्हणजे ज्यांना क्षयरोग झाल्याचे सिद्ध झाले आहे, त्यांच्यापैकी किती जणांत चाचणी होकारार्थी येते ते पाहणे. दुसरा म्हणजे ज्यांचा क्षयरुग्णाशी संबंध आलेला नाही, अशांपैकी किती जणांत ती नकारार्थी येते ते पाहणे. तिसरा मार्ग अधिक बोलका आहे. रुग्णाशी सहवास जितका निकटचा, तितके होकारार्थी निकाल वाढतात काय, हे त्यात तपासतात. साय-टीबीचा स्पेनमध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे उत्तम उदाहरण होय. संबंध न आलेल्यांत ३ टक्के, अधूनमधून संबंध आलेल्यांत १६ टक्के, निकट सहवासातील व्यक्तींत ४३ टक्के आणि प्रत्यक्ष रुग्णांत ६७ टक्के असे होकारार्थी निकाल त्यात आढळले. सहवासाच्या पायऱ्यांप्रमाणे निकालही चढत गेले. चौथा मार्ग म्हणजे तपासलेल्या व्यक्तींवर काही वर्षे लक्ष ठेवून पुढे आजार कोणाला होतो ते पाहणे.

अशा अभ्यासांत शक्यतो एकाच व्यक्तीवर सर्व चाचण्या केल्या जातात. इग्रासाठीचे रक्त आधी काढून घेतात, कारण ट्युबरक्युलिन टोचल्यानंतर रक्ताच्या निकालात फरक पडू शकतो. मग एका हातावर जुना द्रव व दुसऱ्यावर नवा द्रव टोचतात. कोणत्या हातावर काय आहे, हे फुगवटा मोजणाऱ्याला सांगितले जात नाही. पूर्वग्रह टाळण्यासाठी ही दक्षता घ्यावी लागते. व्यक्तीला तिच्या भाषेत सर्व समजावून सांगून संमती घेणे तर अनिवार्यच आहे.

स्पेनमधील ६७ टक्के या आकड्यातून आणखी एक बोध घ्यावयाचा आहे. प्रत्यक्ष रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांत चाचणी नकारार्थी आली. यावरून संसर्गाच्या चाचणीने क्षयरोगाचे निदान होत नाही आणि ती नकारार्थी आली म्हणून आजाराची शंका फेटाळताही येत नाही, हे स्पष्ट होते. लक्षणे असलेल्या व्यक्तीला थुंकीची व क्ष-किरण तपासणीच करावयास हवी. तसेच ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण झाली आहे त्यांच्या शरीराची प्रतिक्रियाच मंद असते. त्यामुळे ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्यातच या चाचण्या काहीशा दुबळ्या पडतात. एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील मुले यांना आजार नसल्याची खात्री करून, चाचणीची वाट न पाहता प्रतिबंधात्मक उपचार देण्याचे धोरण यासाठीच आखण्यात आले आहे.

चुकीच्या होकारार्थी निकालाची किंमत एका कल्पित हिशोबाने समजून घेता येईल. १,००० सहवासितांपैकी ३०० जणांना खरोखर संसर्ग आहे, असे धरू. दोन्ही चाचण्या त्यांतील २४० जणांना ओळखतात. उरलेल्या ७०० निःसंसर्ग व्यक्तींपैकी जुनी चाचणी १०० मागे २० जणांना आणि नवी ३ जणांना चुकीने होकारार्थी ठरविते, असे मानले, तर पहिलीत १४० आणि दुसरीत २१ लोक विनाकारण औषध घेतील. प्रतिबंधात्मक औषधे सर्वसाधारणपणे सुरक्षित असली, तरी क्वचित यकृतावर दुष्परिणाम होतो. ज्याला गरज नाही त्याच्यावर हा धोका लादणे इष्ट नव्हे.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील परिस्थिती

आतापर्यंतचा विचार शास्त्रीय अचूकतेचा झाला. परंतु चाचणी उत्तम असूनही कार्यक्रम फसू शकतो. हे समजण्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

१८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या भागाचे जीवन रेल्वेच्या वेळापत्रकाशी जोडले गेले आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार इतकी होती. चाळींतील एका खोलीत राहणारी कुटुंबे, नाक्यावर कामासाठी उभे राहणारे मजूर, शेजारच्या भिवंडीतील यंत्रमाग कामगार, जिल्ह्यातील दगडखाणींत व वीटभट्ट्यांवर राबणारी माणसे, कारागृहांतील बंदी हे सर्व या परिसराचे घटक आहेत. जेथे दाटी अधिक आणि हवा खेळती कमी, तेथे एका रुग्णापासून घरातील इतरांना संसर्ग होण्यास वेळ लागत नाही.

आता त्वचाचाचणीची '४८ ते ७२ तासांनी पुन्हा या' ही अट या जीवनक्रमाशी ताडून पाहू. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून मुंबईस जाणारा आणि रात्री परतणारा नोकरदार आरोग्य केंद्र उघडे असताना घरी नसतो. नाक्यावरील मजुराने फुगवटा दाखविण्यासाठी एक दिवस मोडला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला खाडा परवडत नाही. मग टोचून घेतलेली माणसे परत येत नाहीत आणि टोचलेला द्रव, परिचारिकेचे श्रम आणि शासनाचा खर्च हे सर्व वाया जाते. नवी त्वचाचाचणी बीसीजीचा घोटाळा दूर करते. दुसऱ्या फेरीची अडचण ती दूर करीत नाही. इग्रा ही अडचण दूर करते, परंतु प्रयोगशाळेची सोय मागते. अर्थात, कोणती चाचणी श्रेष्ठ याचे उत्तर ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात एक येईल, तर मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील पाड्यावर दुसरे येईल.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. ज्यांना रविवारीच सवड असते, त्यांना शुक्रवारी सकाळी किंवा गुरुवारी सायंकाळी टोचले, तर निकाल रविवारी वाचता येतो. मात्र त्यासाठी रविवारी काही तास तरी केंद्र उघडे हवे, किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्याने चाळीत जावयास हवे. एका महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या व दुसरीच्या हद्दीत काम करणाऱ्या व्यक्तीचा निकाल कामाच्या ठिकाणाजवळील केंद्रात वाचून नोंदविण्याची व्यवस्था करता येईल.

चाचणीनंतरची वाट

चाचणी हा प्रवासाचा आरंभ आहे. निकाल होकारार्थी आला म्हणजे छातीची क्ष-किरण तपासणी करून आजार नाही याची खात्री करावी लागते. ही पायरी टाळल्यास आजारी माणसाला अपुरी औषधे मिळतील आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतील. त्यानंतर प्रतिबंधात्मक उपचार सुरू करावयाचा. आयसोनियाझिडची रोज एक मात्रा सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांची आठवड्यातून एकदा अशी १२ आठवडे मात्रा, हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाच्या सहवासितांसाठी वेगळी योजना असते.

या वाटेवर माणसे किती गळतात, याचे अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित परिशीलन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येक १०० व्यक्तींपैकी सुमारे ७२ जणांची चाचणी पूर्ण झाली आणि अखेर सुमारे १९ जणांनीच उपचार पूर्ण केले, असे त्यात दिसून आले. चाचणीची अचूकता चार-पाच टक्क्यांनी वाढल्याने जो लाभ होईल, त्याच्या कितीतरी पट लाभ ही गळती थांबविल्याने होईल. म्हणून कोणत्याही नव्या चाचणीचे मूल्यमापन तिने किती जणांना अचूक ओळखले एवढ्यावरच थांबता कामा नये. तिच्यामुळे किती जण उपचाराच्या शेवटापर्यंत पोहोचले, ही तिची खरी कसोटी होय.

सहकार्याची अपेक्षा

या कामात वैद्यकीय यंत्रणेइतकाच इतरांचाही वाटा आहे. शिक्षकांनी दोन गोष्टी पालकांना आवर्जून सांगाव्यात. चाचणीने क्षय होत नाही, आणि चाचणी होकारार्थी आलेल्या पण आजार नसलेल्या विद्यार्थ्यापासून कोणालाही बाधा होत नाही. अशा मुलाला वर्गात वेगळे बसविणे किंवा शाळेत येऊ न देणे सर्वस्वी अनुचित आहे. घरात क्षय आहे हे कळले तर मुलीचे लग्न अडेल या भीतीने अनेक कुटुंबे तपासणी टाळतात. ही भीती दूर करण्याचे काम गावात व वस्तीत विश्वास कमावलेली माणसेच करू शकतात.

ग्रामपंचायत सदस्यांना क्षयमुक्त पंचायत या २०२३ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाद्वारे एक निश्चित व्यासपीठ लाभले आहे. गावात नवा रुग्ण नोंदला गेल्यावर त्याच्या घरातील प्रत्येकाची तपासणी झाली किंवा कसे, याची विचारपूस त्यांनी आशा स्वयंसेविकेकडे करावी. मात्र रुग्णाचे नाव ग्रामसभेत उघड होणार नाही, याची काळजी घ्यावी. कारखानदार, खाणमालक व बांधकाम ठेकेदार यांनी निकाल वाचण्याच्या दिवशी कामगाराला मजुरी न कापता दोन तासांची सवलत दिली, तरी मोठी अडचण दूर होईल.

अधिकाऱ्यांनी आपल्या मासिक अहवालात चार रकाने ठेवणे अगत्याचे आहे. किती जणांना टोचले, कितींचा निकाल वाचला, कितींनी उपचार सुरू केला आणि कितींनी तो पूर्ण केला, हे ते चार रकाने होत. पहिल्या रकान्यातील आकडा फुगलेला आणि चौथ्यातील रोडावलेला असेल, तर साधन बदलण्याआधी केंद्राची वेळ, कर्मचाऱ्यांची फेरी आणि औषधांचा पुरवठा तपासावा. आज औषध पूर्ण करणाऱ्या चाळीतील एखाद्या बालकाला उद्या क्षयाच्या दीर्घ उपचारांतून जावे लागणार नाही; त्याचे नाव रुग्णांच्या यादीत कधीच येणार नाही. चौथा रकाना काळजीपूर्वक भरला गेला, तरच या यशाची नोंद शासनाच्या दप्तरी राहील.